उंदीर कोणाच्या घरातला?

व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून राज्यांचे उदयास्त, संतांची वाणी, अर्थकारण असे भारदस्त विषय मांडण्याची प्रथा आहे. त्या पंक्तीत उंदराला पाट मांडून दिला, तर श्रोत्यांना हसू यावे हे साहजिकच आहे. 'डोंगर पोखरून उंदीर काढला' असे आपण म्हणतो, ते फजितीचे वर्णन म्हणूनच. परंतु मुंबई शहराच्या इतिहासात एक काळ असा होऊन गेला, की उंदरानेच डोंगर पोखरला. जवळजवळ निम्मे शहर गावाकडे पळाले, गिरण्यांना माणसे मिळेनाशी झाली, पुण्यात एका इंग्रज अधिकाऱ्याचा वध झाला, आणि शहराचे रस्ते नि चाळी नव्याने आखाव्या लागल्या. घरात शिरणाऱ्या या वीतभर प्राण्याच्या पाठीमागे एवढा इतिहास उभा आहे. तेव्हा विषय लहान आहे असे कोणी म्हणू नये.

या इतिहासाला मला एकच प्रश्न विचारायचा आहे. घरात उंदीर शिरला तर दोष कोणाचा? आपल्याकडे याचे उत्तर ठरलेले असते. घरातल्या बाईला आधी विचारतात, 'डबा उघडा कोणी ठेवला?' शेजारी म्हणतो, 'तुमच्या मोरीतून येतात.' घरमालक म्हणतो, 'भाडेकरू घाणेरडे आहेत.' आणि साहेब म्हणतो, 'ही वस्तीच तशी आहे.' खालच्या पायरीवरच्या माणसाकडे बोट दाखवीत उंदराचा खटला निकालात निघतो. आजपासून सव्वाशे वर्षांपूर्वी हाच खटला फार मोठ्या न्यायासनापुढे चालला. त्याचा निकाल काय लागला आणि अंमलबजावणी काय झाली, हे पाहण्यासारखे आहे.

प्रथम एक गोष्ट सांगितली पाहिजे. उंदराशी कसे वागावे हे आपल्या जुन्या घरांना ठाऊक नव्हते असे नाही. धान्याची कणगी शेणामातीने लिंपून घेत, ती कशासाठी? पेव जमिनीत खोदून त्याचे तोंड बंद करीत, ते कशासाठी? दुधातुपाचे भांडे आढ्याला शिंक्यात टांगत, माजघरात मडक्यांची उतरंड रचीत, यामागे मांजराइतकीच उंदराचीही धास्ती होती. उंदीर हा घरातला न बोलावलेला वाटेकरी आहे, आणि त्याला हाकलण्यापेक्षा त्याच्या तोंडचा घास काढून घेणे सोपे, हे शहाणपण त्या कणगीत आणि शिंक्यात होते. शिवाय आणखी एक खूण खेड्यापाड्यांत पुढे घरोघर माहीत झाली. 'उंदीर पडू लागले' एवढे शब्द ऐकले की लोक घराला कुलूप लावून शेतात खोपटी बांधून राहायला जात. हिमालयाच्या पायथ्याशी, गढवाल आणि कुमाऊं भागात, ही रीत एकोणिसाव्या शतकात मुंबईत प्लेग येण्याच्या कितीतरी आधी रूढ होती, आणि इंग्रज अंमलदारांनी तिची नोंदही केली होती. घरातले उंदीर मरू लागले की घर सोडायचे, हे तिथल्या अडाणी म्हटल्या जाणाऱ्या शेतकऱ्याला कळत होते.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना एक चमत्कारिक ताप आढळला. जांघेत किंवा काखेत गाठ येई आणि चार-दोन दिवसांत माणूस दगावे. हा गाठीचा ताप म्हणजे प्लेग आहे असे त्यांनी उघडपणे सांगितले. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेली धान्याच्या वखारींची वस्ती. खाली पोत्यांच्या थप्प्या, वर दाटीवाटीने राहणारी माणसे. दोन वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँगला हाच रोग पसरला होता, आणि तिथेच अलेक्झांडर येर्सिन या शास्त्रज्ञाने त्याचा जंतू शोधून काढला होता. मुंबईचे बंदर हाँगकाँगशी व्यापाराने जोडलेले होते. मांडवीच्या वखारींत उंदीर मरून पडत आहेत हे लोकांनी पाहिले होते. म्हणजे जंतू सापडला होता, मेलेले उंदीर डोळ्यांसमोर होते, आणि धान्याची कोठारे समोरच उभी होती. या तिन्ही गोष्टींची गाठ मारण्यास मात्र पुढे दहा वर्षे लागली.

या दहा वर्षांत काय झाले? त्या वेळच्या अधिकाऱ्यांची समजूत अशी होती, की रोग घाणीतून, दमट जमिनीतून आणि कोंदट हवेतून उद्भवतो. म्हणून गटारांत समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक आम्लाचे लोट सोडले. घरांच्या भिंतींना चुना फासला, उजेड यावा म्हणून कौले काढली, जमिनी उकरल्या. 'आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी' म्हणतात तसा हा प्रकार झाला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला. त्याने सरकारला झडत्या घेण्याचे, माणसे अलग करण्याचे, घरे पाडण्याचे जवळजवळ अमर्याद अधिकार दिले. मार्चमध्ये मुंबईत ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली. रोग शोधण्यासाठी लष्करी माणूस नेमला, यावरूनच रोगाकडे पाहण्याची दृष्टी कळते. शत्रू कोण? तर ज्याला रोग झाला तो. त्याला धरा, छावणीत न्या, त्याचे सामान जाळा. राहण्यास अयोग्य ठरवलेल्या घरांच्या भिंतींवर 'मनुष्यवस्तीस नालायक' या अर्थाची तीन इंग्रजी आद्याक्षरे रंगवली जात. घर नालायक ठरे, परंतु ते तसे बांधून त्याचे भाडे खाणाऱ्या मालकाच्या कपाळावर कोणी अक्षर काढले नाही.

रेल्वेच्या प्रवाशांची तपासणी सुरू झाली, आणि तिचा जाच तिसऱ्या वर्गाच्या उतारूंनाच अधिक झाला. काखा-जांघा चाचपल्या जात, त्यात स्त्रियांचीही गय नव्हती. त्यामुळे लोकांत जी चीड उसळली, तिला अडाणीपणा म्हणून हिणवण्यात आले. १८९६ च्या ऑक्टोबरात गिरणीकामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर हल्ला केला. तिथे नेलेला माणूस परत येत नाही, अशी त्यांची खात्री झाली होती. दगडफेकीचे समर्थन मी करणार नाही. परंतु आपल्या माणसाला उचलून नेताना कारण सांगायचे नाही, भेटू द्यायचे नाही, आणि प्रेतच परत द्यायचे, असे झाले तर कोणत्याही वस्तीत हेच घडेल. पुण्यात रँड यांच्या कारभाराखाली गोऱ्या शिपायांनी घराघरांत शिरून जे केले, त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर झाला. तो इतिहास सर्वांना ठाऊक आहे. इतके सारे होत असताना ज्याच्या शोधासाठी शिपायांनी घरे उलटीपालटी करायला हवी होती, तो उंदीर भिंतीच्या बिळातून निवांतपणे हे पाहत होता.

कामगारांच्या दृष्टीने त्या दिवसांचा आणखी एक भाग आहे, आणि पाठ्यपुस्तकांत तो क्वचित येतो. १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या सुमारे ८ लाख २१ हजार होती. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत त्यातले जवळजवळ निम्मे लोक शहर सोडून गेले होते. कोकणातला, घाटावरचा कामगार बायकामुलांना घेऊन गावी परतला. त्या काळी गिरणीत पगार महिन्याने होई, आणि तोही कित्येक आठवडे थकवून. कामगार पळू नये म्हणून त्याचे पैसे अडकवून ठेवण्याची ती युक्ती होती. प्लेगमध्ये ती युक्ती उलटली. उद्या आपण जिवंत असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, तो महिनाभर पगाराची वाट कशाला पाहील? मागे राहिलेल्या कामगारांनी रोजच्या रोज रोख मजुरी मागितली, आणि मालकांना ती द्यावी लागली. नाक्यानाक्यांवर कामगारांच्या मजुरीचा लिलाव पुकारला जाऊ लागला. ज्या गिरणीचा मुकादम जास्त बोली लावी, तिकडे माणसे वळत. एरवी शिस्तीच्या गप्पा मारणारे मालक एकमेकांची माणसे पळवू लागले. संघटना नाही, निधी नाही, कायदा नाही, तरी नुसत्या टंचाईने कामगाराला आपली किंमत कळली. साथ ओसरली तशी मालकांनी जुनी घडी पुन्हा बसवली, परंतु हा धडा विसरण्याजोगा नव्हे.

त्याच फेब्रुवारीत एका माणसाचा बळी गेला. 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणीकामगारांच्या सभा घेतल्या होत्या, त्यांच्यासाठी रविवारची सुटी मिळवण्यात पुढाकार घेतला होता. प्लेगमध्ये ते मुंबई सोडून गेले नाहीत. रोग्यांची शुश्रूषा करण्याच्या कामात असतानाच त्यांना प्लेगने गाठले, आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. त्यानंतर महिन्याने, १० मार्च रोजी, पुण्याजवळ प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. ही दोन मरणे ध्यानात ठेवली म्हणजे पुढचा प्रश्न अधिक टोचतो. उंदीर आणि माणूस यांच्यातला दुवा वेळीच सापडला असता, आणि सापडल्यावर वेळीच मानला गेला असता, तर किती माणसे वाचली असती?

दुवा सापडला होता. वाल्डेमार हाफकिन यांनी ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत येऊन तीन महिन्यांत प्रतिबंधक लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली, हे आपण जाणतो. त्यांच्याच नावाची संस्था परळला आहे. पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराचे नाव मात्र आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही. रोगी कोण होतात, यापेक्षा ते रोगी होण्याआधी काय करीत होते, हे सिमाँने पाहिले. त्याने एक घटना नोंदवली आहे. एका लोकरीच्या कारखान्यात सकाळी कामगार आले, तो जमिनीवर पुष्कळ उंदीर मरून पडलेले. वीस मजुरांना ते झाडून काढायला लावले. तीन दिवसांत त्यांतल्या दहा जणांना प्लेग झाला. कारखान्यातल्या इतर कोणालाही झाला नाही. कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसाने ही नोंद वाचली, की त्याला शास्त्राइतकीच दुसरीही एक गोष्ट दिसते. केर काढायला कोणाला सांगितले, यावरून कोण मरणार हे ठरले.

मेलेल्या उंदरातून रोग माणसात आणणारा कोणीतरी मध्यस्थ असला पाहिजे, असे सिमाँच्या मनाने घेतले. तो मध्यस्थ म्हणजे पिसू. उंदीर मेला, अंग थंड पडले, की पिसवा त्याला सोडून दुसरे ऊबदार अंग शोधतात. २ जून १८९८ रोजी कराचीत त्याने आजारी उंदीर आणि निरोगी उंदीर एकमेकांना शिवू न देता जवळ ठेवले. पिसवा तेवढ्या इकडून तिकडे जाऊ शकत होत्या. निरोगी उंदराला प्लेग झाला. त्याच वर्षी त्याने हा शोध प्रसिद्ध केला. विद्वानांनी तो हसण्यावारी नेला. सरकारने नेमलेल्या प्लेग आयोगानेही उंदीर-पिसवांना महत्त्व दिले नाही.

१९०५ नंतर मात्र परळच्या प्रयोगशाळेत पुन्हा पद्धतशीर तपास झाला. त्यात ग्लेन लिस्टन यांचा मोठा वाटा होता. शहरातून पकडलेले हजारो उंदीर कोणत्या घरातून, कोणत्या गल्लीतून आले याची चिठ्ठी लावून परळला येत आणि तिथे फाडून तपासले जात. त्या नोंदींतून एक क्रम उघडकीला आला. आधी साथ येते ती गटारात नि तबेल्यात राहणाऱ्या तपकिरी उंदरांत. दहाएक दिवसांनी ती घरात राहणाऱ्या काळ्या उंदरांत शिरते. आणि त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी माणसे पडू लागतात. म्हणजे संकट आधी सार्वजनिक गटारात जन्मते, मग चाळीच्या छपरात चढते, आणि शेवटी खोलीतल्या माणसाला गाठते. घरातल्या बाईने डबा झाकला काय आणि न झाकला काय, गटार काही तिच्या हातात नव्हते.

परळच्या आवारात त्यांनी प्रयोगासाठी लहान लहान खोपटी बांधली. काहींवर साधी कौले, काहींवर मंगलोरी कौले, काहींवर पत्रे. साध्या कौलांत उंदरांना बिऱ्हाड थाटता येते, पत्र्याखाली येत नाही. आत गिनीपिग सोडले. ज्या छपरात उंदरांची वस्ती झाली, तिथे पिसवांचा सुकाळ झाला आणि खालचे प्राणी मेले. दुसऱ्या एका प्रयोगात पिंजरे निरनिराळ्या उंचीवर टांगले. जमिनीपासून दोन इंचांवरचा प्राणी प्लेगला बळी पडला, दोन फुटांवरचा वाचला, कारण पिसवेला तेवढी उडी मारता येत नाही. आता मुंबईतल्या त्या काळच्या बिऱ्हाडाचे चित्र डोळ्यांपुढे आणा. शहरातले बहुसंख्य लोक एका खोलीत राहत होते. एका खोलीत आठ-दहा माणसे, पाळीपाळीने निजणारी, आणि निजायचे जमिनीवर, गोधडी टाकून. ज्याच्या घरी पलंग आहे तो दोन फुटांवर, आणि ज्याच्या घरी गोधडी आहे तो जमिनीवर. रोगाने जात पाहिली नाही असे म्हणतात. जात पाहिली नसेल, परंतु उंची पाहिली.

एवढे सिद्ध झाल्यावर उपाय स्पष्ट होता. उंदराला घरात राहायला जागा राहणार नाही अशी घरे बांधा, धान्याच्या वखारी वस्तीपासून अलग करा, केरकचरा उचला, गटारे बुजवा. हे काम खर्चाचे होते. १८९८ च्या कायद्याने मुंबईत नगर सुधार न्यास, ज्याला लोक ट्रस्ट म्हणत, तो स्थापन झाला होता. त्याने सँडहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते काढले, नागपाडा, आग्रीपाडा या भागांची नवी आखणी केली. हवा खेळू लागली, हे खरे. परंतु पहिल्या दशकात त्याने जितक्या गरिबांच्या खोल्या पाडल्या, तितक्या बांधून दिल्या नाहीत. घरातून निघालेली माणसे शेजारच्या गल्लीत दुप्पट दाटीने राहू लागली. माणसे गेली तिथे त्यांच्या गाठोड्यांबरोबर उंदीरही गेले. पुढे १९२० च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ सिमेंटच्या चाळी उभारल्या. त्यांनाच आपण बी. डी. डी. चाळी म्हणतो. खोली सुमारे १६० चौरस फुटांची, नळ आणि संडास सामाईक. भिंत उंदराला पोखरता येणार नाही इतकी भक्कम, पण माणसाला राहायला मात्र अपुरी.

बांधकामाचा मार्ग खर्चाचा म्हणून जगभर राज्यकर्त्यांनी दुसरा सोपा मार्ग धरला, तो म्हणजे उंदीर मारण्याचे पैसे देण्याचा. याचे सर्वांत शिकवणारे उदाहरण हनोईचे आहे. फ्रेंचांनी तिथे आपल्या वस्तीसाठी नवी भुयारी गटारे बांधली आणि ती उंदरांचे राजमार्ग ठरली. १९०२ मध्ये सरकारने मारलेल्या उंदराच्या प्रत्येक शेपटीमागे बक्षीस लावले. शेपट्यांचे ढीग आले. काही दिवसांनी शहरात बिनशेपटीचे जिवंत उंदीर हिंडताना दिसू लागले. पुढे असेही आढळले, की शहराबाहेर काही जणांनी उंदीर पाळायलाच सुरुवात केली आहे. बक्षीस बंद करावे लागले. यात व्हिएतनामी मजुराची लबाडी पाहून हसणारे पुष्कळ भेटतात. मला मात्र वाटते, की जो सरकारकडून शेपटीचे पैसे घेतो, तो शेपटीच आणून देईल. उंदीर नाहीसे होण्यात कोणाचाच फायदा नाही, अशी व्यवस्था सरकारनेच केली होती.

उलट दिशेचे उदाहरण जावा बेटाचे. तिथे १९११ मध्ये प्लेग पोहोचला. उंदीर बांबूच्या पोकळ नळ्यांत आणि गवती छपरांत घरटी करतात असे आढळल्यावर डच सरकारने घरांची दुरुस्ती हाती घेतली. पुढच्या तीन दशकांत पंधरा लाखांच्या आसपास घरे कौलारू आणि लाकडी करण्यात आली. पण खर्चाचा मोठा बोजा कर्जाऊ रकमेच्या रूपाने खेडुतांच्याच माथी पडला, आणि काम सक्तीने झाले. उपाय बरोबर, पण बिल चुकीच्या माणसाच्या हातात. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात १९४० च्या दशकात डेव्हिड डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजून दाखवले, की नुसते उंदीर मारले तर काही महिन्यांत त्यांची संख्या पूर्ववत होते. कारण उरलेल्यांना अन्न नि जागा अधिक मिळते, आणि मादी तीन आठवड्यांत विते. संख्या कायमची उतरते ती अन्न आणि आसरा काढून घेतल्यावरच. आपल्या आजीच्या कणगीत आणि शिंक्यात जे शहाणपण होते, तेच येथे आकड्यांनी सिद्ध झाले.

आणि मुंबईचे काय? मुंबई महानगरपालिकेच्या कीटकनाशक विभागात रात्रपाळीचे मूषक संहारक असतात. हातात काठी आणि विजेरी घेऊन हे लोक रात्रभर गल्लीबोळांत, बाजारांत, गटारांच्या कडेने हिंडतात. दर रात्री माणशी किमान ३० उंदीर मारून सकाळी मोजून द्यायचे, असा दंडक या शतकातही चालत आला. तीस भरले नाहीत तर मजुरीवर गदा. यासाठी पदवीधर तरुणही अर्ज करीत, यावरून बेकारीचे माप घ्यावे. नगाप्रमाणे मजुरी आम्ही गिरणीत पाहिली, गोदीत पाहिली. तिचा नियम असा, की माल किती निघाला ते मोजायचे आणि माणसाचे काय झाले ते मोजायचे नाही. हा कामगार घाणीत अनवाणी उतरतो की बूट घालून, त्याला उंदीर चावला तर औषध कोण देतो, सिमाँच्या कारखान्यातल्या वीस मजुरांसारखा तो आज कोणत्या रोगाच्या तोंडी आहे, हे प्रश्न त्या तीस आकड्यात बसत नाहीत. मूषक संहारक हा शहराचा आरोग्यरक्षक आहे. त्याला तसे मानायचे असेल, तर त्याची मजुरी शेपट्यांवर मोजून चालणार नाही. मारलेल्या उंदरांच्या संख्येऐवजी वॉर्डात किती बिळे बुजली, किती गटारे बंद झाली, हे मोजावे. ते मोजू लागताच जबाबदारी काठीवाल्याकडून वर सरकते, आणि म्हणूनच कोणी ते मोजत नाही.

हा सारा जुना इतिहास झाला असे कोणी समजू नये. भारतात या रोगाने १८९६ पासूनच्या काही दशकांत एक कोटीहून अधिक माणसे नेली. डी. डी. टी.ची फवारणी, औषधे आणि इतर कारणांनी तो हटला. १९६६ नंतर जवळजवळ तीन दशके तो दिसला नाही. परंतु १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग आला, आणि सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगने हाहाकार उडवला. आदल्या वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला होता. घाबरून लोक घराबाहेर राहू लागले, घरात साठवलेले धान्य तसेच राहिले, आणि उंदरांची चंगळ झाली, असे अनेक अभ्यासकांनी मामल्याबाबत म्हटले आहे. सुरतेतून लाखो लोक गेले, त्यांत हिरे नि कापडाच्या धंद्यातले स्थलांतरित मजूर पुष्कळ होते. शंभर वर्षांनी तेच चित्र. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत उंदरांच्या मूत्रातून पाण्यात मिसळणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसने अनेक बळी घेतले. त्या पाण्यातून चालत कोण कामाला जात होता, हे सांगायला नको.

मग घरात उंदीर शिरला तर करायचे काय? इतिहासातून निघणारे उत्तर साधे आहे. धान्य पत्र्याच्या डब्यात ठेवा, रात्री उष्टेखरकटे उघडे ठेवू नका. लहान उंदराला पेन्सिल जाईल एवढे भोकही पुरते, हे लक्षात ठेवून मोरीच्या तोंडाला जाळी बसवा आणि बीळ काचेचे तुकडे घातलेल्या सिमेंटने बुजवा. पिंजरा लावायचा तर लावा. परंतु उंदीर आपोआप मरून पडू लागले, तर त्यांना हात लावू नका. तेव्हा आरोग्य खात्याला कळवणे आणि आधी पिसवा मारणे महत्त्वाचे, कारण उंदीर मेला की पिसू माणसाकडे वळते. एवढे झाले खोलीपुरते. पण खोलीत पिंजरा लावला तर उंदीर शेजारच्या खोलीत जातो, आणि शेजाऱ्याने लावला तर परत येतो. म्हणून चाळीने एकाच दिवशी, एका ठरावाने हे काम केले पाहिजे. आणि जिन्याखालचा कचरा, फुटकी गटारे, पोखरलेला पाया यांबद्दल मालकाला आणि पालिकेला सामुदायिक अर्ज गेला पाहिजे, पोच घेऊन गेला पाहिजे, आणि उत्तर आले नाही तर पुन्हा गेला पाहिजे.

गणपतीच्या पायाशी आपण उंदीर बसवतो. चाळीचा गणपती दहा दिवस सगळ्यांचा असतो, वर्गणी सगळ्यांची असते. त्या पायाशी बसलेला उंदीरही सगळ्यांचाच आहे. जोपर्यंत तो 'तुमच्या घरातला' आहे, तोपर्यंत तो भिंतीमागे सुखाने राहील. ज्या दिवशी चाळ म्हणेल, 'तो आमचा प्रश्न आहे', त्या दिवशी त्याचे बीळ बुजायला सुरुवात होईल. बी. डी. डी. चाळींच्या जागी आज उंच इमारती उठत आहेत. त्यांत राहायला जाणाऱ्यांनी भाड्याच्या आणि देखभालीच्या कागदाबरोबर कचऱ्याची नि गटारांची व्यवस्थाही वाचून घ्यावी. उंदराला विसावा मजला चढता येतो.